लाल वायर

"थोडा मागं ओढा बाई कान. हां. आता फिरवत फिरवत आत बसवा. सैल राहिलं ना, तर ढोल येतच नाही. नुसती टिकटिक येते."

वसतिगृहातल्या रविनाचं हे सांगणं दिवाळीनंतरच्या एका रविवारचं. आता माघ लागला होता. शहाद्याला चुडामणच्या मोबाइलच्या दुकानात, काचेच्या पेटीपुढे उभ्या असलेल्या जमनाबाईने नकळत स्वतःचा कान मागं ओढून धरला होता. इअरफोन अजून पेटीतच होते, कानात काहीच नव्हतं. चुडामणने ते पाहिलं आणि विचारलं, "ताई, कोणले पाहिजे?" साधा प्रश्न, दुकानदार विचारणारच. पण जमनाबाईच्या तोंडून "मला" असं निघून गेलं, आणि निघून गेल्यावर ते तिला ऐकू आलं. चोपन्न वर्षांची बाई, कपाळाला भस्म, हातात जपाची पिशवी, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं. तिच्या मानेवर ऊन पडावं तशी धग चढली. तळोद्यातही अशी दुकानं होती; तिथे न जाता ती बसने शहाद्याला आली होती, ती ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच. म्हणजे खोटं तोंडात यायच्या आधी पायात आलेलं होतं.

"तुम्हले?" चुडामण पन्नाशीचा, पोट सुटलेला, गालात पान. "भजन आयकाले ना? मंग हाई साधं ली जा. भजनले बास कसाले पाहिजे?"

"बास पाहिजे," जमनाबाई म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. समोरच्याने पुढे वाकून ऐकावा असा. "खालचा आवाज. ढोल ऐकायचाय."

"आते वं माय!" चुडामण मनापासून हसला. "या वयमा ढोल! बसा ताई, बसा. ढोलना गिऱ्हाइकले मी उभं नही ठेवत."

ती स्टुलावर बसली. तिला हसायला हवं होतं, निदान त्याच्या गमतीपुरतं. पण गेले वीस-बावीस दिवस तिला हसणं, जेवणं, मुलींनी पायाशी वाकून नमस्कार करणं, यांतलं काहीच सरळ घेता येत नव्हतं. तळोद्याच्या मुलींच्या वसतिगृहात ती एकोणीस वर्षं गृहपाल होती. अकरावी-बारावीच्या चाळीस मुली, डोंगरातल्या, नवापूरकडच्या, आणि ती त्यांची बाई. गावात तिला देवबाई म्हणत. पहाटेची आंघोळ, महादेवाला बेल, पोथीचा एक अध्याय, आणि उठल्यापासून घड्याळात नऊ वाजेपर्यंत मौन. एकोणीस वर्षांत हे मौन मोडलं नव्हतं. ताप असताना नाही, भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही. तेव्हा तिने फोन कानाला धरून नुसतं ऐकलं होतं आणि नऊ वाजता रडली होती. लोक हे एकमेकांना सांगत. ते सांगताहेत हे तिला ठाऊक होतं आणि ते गोडही लागत होतं, हे तिने स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं ते आत्ता, या स्टुलावर, समोर काळ्या-पांढऱ्या वायरींच्या गुंडाळ्या पडलेल्या असताना.

चुडामणने तीन डबे मांडले. एकातून रबराच्या चिमुकल्या टोप्या हातावर ओतल्या. "हाई दखा. लहान, मधलं, मोठं. लोक हजारनं यंत्र लेतस आनी रबर चुकाडतस. कान पक्का बंद व्हयना नही का बास बाहेर निंघी जास. मंग मन्हा नावनी बोंब." त्याने तिच्या कानाकडे परक्या बाईच्या कानाकडे पाहावं तितक्याच अदबीने, लांबूनच पाहिलं. "तुम्हले लहान लागी."

रविनाच्या कानालाही लहानच लागायचं. रविना धडगावच्या वरची, पावरा घरातली. बाप आमश्या होळीला मोठा ढोल वाजवणारा. दिवाळी झाली की तो टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाई, ते थेट होळीच्या तोंडावर परते. मागल्या वर्षी येताना त्याने लेकीला हे कानातलं आणलं होतं. दुकानदाराने रंगीत डबे दाखवले, तर आमश्याने म्हणे फोनमधलं स्वतःच्याच ढोलाचं रेकॉर्ड लावायला सांगितलं, एकेक कानात घालून पाहिलं, आणि चौथ्याला म्हणाला, यात मी आहे. हे सांगताना रविना लाजून हसली होती. "फोनमध्ये बाबाचा ढोल येतच नाही बाई. फोनचा आवाज वरचा वरचा. हे घातलं की खालचा येतो." आणि त्या रविवारी तिने हट्टाने एक बाजू जमनाबाईच्या कानात बसवली होती. तेव्हा ढोल आला होता. कानात आला म्हणावं तर तो गळ्याखाली, छातीच्या हाडात वाजत होता. जमनाबाईने दोन-तीन ठोक्यांतच ते काढून दिलं होतं. "चांगलंय," म्हणाली होती, आणि उठून विनाकारण तुळशीला पाणी घातलं होतं.

विनाकारण नव्हतं. तिच्या गावी, कळसाडीत, ती सात-आठ वर्षांची असताना, गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. दळण घेऊन गेली की ती मागच्या भिंतीला कान लावून उभी राही. भिंत धडधडायची, दात, बरगड्या, पोटातलं पाणी सगळं त्या लयीत हलायचं, आणि तिला तिथून निघवत नसे. एकदा आईने पाहिलं. "काढ तो कान. पोरीनं असं भिंतीला चिकटून उभं राहू नये." आईने ओढलेला कान दुखला नव्हता; आईच्या चेहऱ्यावर जे होतं त्याने दुखलं होतं. त्यात काय वाईट होतं ते तिला कधी कळलं नाही, पण वाईट आहे एवढं पक्कं झालं. पुढे लग्न लांबत गेलं, मग ठरलंच नाही, नेम वाढत गेले, आणि अंगाला आतून हलवणारं जे जे काही, त्याच्यापासून ती हळूच उठून जायला शिकली.

"आते आयका," चुडामण म्हणाला. त्याने पहिलं कानातलं आपल्या फोनला जोडून तिच्या हातात दिलं. "काय लावू? डीजे?"

"होळीचा ढोल असेल तर."

"असेल तर म्हणे. ताई, नंदुरबार जिल्हा शे हाऊ."

पहिल्यात ढोल आला, पण रिकामं पिंप बडवावं तसा. प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यावर सांडत होता, आणि माणसांच्या आरोळ्या त्याखाली गाडल्या गेल्या होत्या. तिने मान हलवली. चुडामणला बरं वाटलेलं दिसलं. "बराबर. हाई नुसतं धबधब करस. पोरेसले तेच आवडस, मी काय करू?" त्याने दुसरा डबा उघडला, आणि जमनाबाईचा हात जपाच्या पिशवीवर घट्ट झाला. काळी, चपटी वायर. टोकाला करड्या रंगाचं कडं. तेच. अगदी तेच, जे तिने रविनाच्या ओढणीखालून काढून घेतलं होतं.

पौषातली दशमी होती. सायंप्रार्थनेला सगळ्या मुली हात जोडून बसल्या होत्या, आणि रविनाचं डोकं प्रार्थनेच्या लयीत हलत नव्हतं, भलत्याच लयीत हलत होतं. जमनाबाईने काही न बोलता ओढणी बाजूला केली, कानातलं काढून घेतलं. रविना रडवेली झाली. "शनिवारी देते परत," जमनाबाई म्हणाली, "देवाच्या पायाशी ठेवते, तिथं कुणाचा हात लागत नाही." आणि खरंच, ते कागदात गुंडाळून तिने देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या निर्माल्याच्या पिशवीत टाकलं. रोजची वाळली फुलं, बेल, जळक्या वाती त्या पिशवीत जात. त्या पिशवीला हात लावायचा नाही हे नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. कपाटाला कुलूप होतं; पण कुलपापेक्षा तिचा भरवसा पिशवीवर जास्त होता. दुसऱ्या दिवशी एकादशी. नेहमीप्रमाणे पहाटेच्या गाडीने ती तापीकाठच्या प्रकाशा गावी गेली, महादेवाचं दर्शन घेतलं, घाटाच्या पाण्याकाठच्या पायरीपर्यंत उतरून सवयीने पिशवी तापीत पालथी केली, आणि डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा झेंडूच्या काळवंडलेल्या पाकळ्यांमध्ये एक काळी वायर वळत होती. कागद सुटला होता. वायर हाताच्या अंतरावर होती. पाऊल एक पायरी आणखी खाली टाकलं असतं, लुगड्याचा काठ भिजला असता, एवढंच. वरच्या पायरीवर दोन बायका तिच्या आटोपण्याची वाट पाहत उभ्या होत्या, त्यांतल्या एकीने "देवबाई" असं हळूच म्हटलेलं तिने ऐकलं होतं. देवबाईने निर्माल्यात हात घालून वायर ओढून काढायची? ती पाहत राहिली. वायर एकदा वर आली, आणि गेली.

तिला कळलं नव्हतं असं नाही. पुढचं सगळं यावरच अडत होतं. विसरले, चुकून गेलं, असं सांगायला तोंड होतं. पण तिने पाहिलं होतं.

शनिवारी रविना दारात आली तेव्हा आठ वाजले होते. "बाई, आज शनिवार." जमनाबाईने घड्याळाकडे बोट केलं. तो एक तास तिला मिळाला, आणि त्या तासात अध्याय वाचता वाचता तिने एक वाक्य तयार केलं. नऊ वाजता ते म्हटलं: "अगं, इथंच या पिशवीत ठेवलं होतं. आता नाहीये." त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मुली जमल्या. कुणीतरी म्हणालं, बाईंची खोली झाडायची पाळी या आठवड्यात ग्रेसीची होती. दुसरी म्हणाली, आम्ही तर त्या पिशवीला भितो, ती कशाला भिणार, तिचा देव वेगळा. हे हसत म्हटलेलं होतं. हसण्याचं हळूहळू काहीतरी निराळंच झालं.

ग्रेसी नवापूरकडच्या सरहद्दीवरच्या गावची, बारावी सायन्स, बोलायला कमी, झाडायला लागली की खाटेखालचा कोपराही सोडायची नाही. सोमवारी संस्थेचे सचिव नवलसिंगभाऊ सकाळी साडेआठलाच आले. खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "बाई, खोलीत आणखी कोण गेलं होतं का?" आणि लगेच स्वतःच जीभ चावली. "राहू द्या, राहू द्या, तुमचं मौन आहे. मी मुलीलाच विचारतो." जमनाबाईने हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ कुणीही काहीही घेऊ शकत होतं. ग्रेसी म्हणाली, "मी झाडलं. पिशवीला हात नाही लावला. बाईंना विचारा." तिने जमनाबाईकडे पाहिलं. घड्याळात आठ चाळीस झाले होते. वीस मिनिटं. एकोणीस वर्षांचा नेम, आणि वीस मिनिटं. नऊला पाच कमी असताना नवलसिंगभाऊ उठले. "मी काही लिहीत नाही कागदावर. घरी कळवतो फक्त," म्हणाले, आणि गेले. नऊ वाजले. जमनाबाई तोंड उघडू शकत होती. तिने दुपारच्या भाजीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ग्रेसीचा बाप दानियल आला. रापलेला, उंच, पांढरा शर्ट घडीच्या खुणांसकट घातलेला. तो भांडायला आला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "बाई, पोरीला नेतो," म्हणाला. "चोर म्हणतात तिथं ती भात कसा गिळेल? प्रॅक्टिकलचं बघू, नाही दिलं तर नाही दिलं." ग्रेसी पेटीवर हात ठेवून उभी होती, डोळे कोरडे. मग दानियलने दारातून वळून विचारलं, "तुम्ही देवाधर्माच्या आहात. ती वस्तू सापडली, काय खरं ते कळलं, तर आम्हाला सांगाल ना? गावात पोरीचं नाव घेतात." जमनाबाईने मान हलवली. होकाराची. तोंडाने दिलेलं वचन माणूस नंतर वळवू शकतो, शब्द इकडचा तिकडे करू शकतो. मानेने दिलेल्याला कुठे पकडायचं? ती मान रोज रात्री उशीवर टेकताना तिला जड लागत होती.

"ताई?" चुडामण म्हणत होता. "हाई आवडनं वाटस. दखूनच तोंड बदली गयं."

"असंच होतं," ती म्हणाली. "हरवलं."

"मंग काय, झायं काम! हाईच ली जा. डबा फेकी द्या, दोन दिन वापरा, कोणले कळाव नही."

चुडामण हे अगदी निष्पाप मनाने म्हणाला. पण ती याच एका गोष्टीसाठी शहाद्याला आली होती, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून इतक्या सोप्या शब्दांत ऐकू आली तेव्हा तिला वाटलं, आपण भर बाजारात पदराशिवाय उभ्या आहोत. डबा फेकायचा. वायर थोडी चुरगळायची. कपाटामागे टाकायची आणि सायंप्रार्थनेनंतर हाक मारायची: अगं बघा, इथं पडलं होतं, उंदरांनी ओढलं असेल. रविनाला वस्तू मिळते, ग्रेसीचं नाव धुतलं जातं, नवलसिंगभाऊ दानियलला फोन करतात, पोर प्रॅक्टिकलला पोचते. आणि देवबाई देवबाई राहते. कुणाचं काय बिघडलं? तिने हे रात्र-रात्र मांडून पाहिलं होतं, प्रत्येक वेळी ते बरोबर जमत होतं.

तिने काळी वायर कानात घालून पाहिली. आमश्याने निवडलेली. ढोल आला, चांगला आला. कुणी जवळच बसून वाजवल्यासारखा. तिने मान हलवून ती घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. पण चुडामणच्या अंगात आता दुकानदारापेक्षा ऐकणारा शिरला होता. "थांबा ना. एक बाकी शे. रंग जरासा भडक शे, म्हनीसन कोणी हात लावत नही. पण बास दखा." तिसरं लाल होतं. कुंकवापेक्षाही लाल. त्याने रबर बदलून लहान घातलं. जमनाबाईने कान मागं ओढला, फिरवत फिरवत बसवलं. बाजाराचा आवाज एकदम मिटला, दार लोटल्यासारखा.

आधी काही नव्हतं. मग लांबून, जमिनीखालून यावा तसा एक ठोका. तो संपल्यावरच दुसरा. दोन ठोक्यांच्या मध्ये जागा होती. त्या जागेत पावलं ऐकू येत होती, घुंगरं, एका म्हाताऱ्याचं खाकरणं, जळत्या लाकडाची तडतड. ठोका पडला की ती सगळी थरथरत आणि पुन्हा आपापल्या जागी येत. गिरणीची भिंत. बरगड्या. पोटातलं पाणी. तिच्या लक्षात आलं की स्टुलाखाली आपला अंगठा हलतोय, आणि तिने तो थांबवला नाही. एवढं शरमेने भरलेलं शरीर, आणि त्यात हे सुख मावत होतं. तिला याचीही लाज वाटली, पण ही लाज आईने दिलेली, जुनी. ती आज उचलायची गरज नव्हती. दुसरी तिची स्वतःची होती. ढोलाच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत ग्रेसीचं वाक्य होतं: बाईंना विचारा. कान इतका पक्का बंद झाला होता की दुसरं काहीच आत येत नव्हतं.

"हे द्या," ती म्हणाली.

"लाल?" चुडामण खूश झाला, मग थबकला. "पण पहिलं हरवलं ते काळं ना? हाई तर लांबूनच न्यारं दिसी."

"दिसू द्या."

संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर तिने मुलींना उठू दिलं नाही. रविनाला पुढे बोलावलं, डबा हातात दिला. रविनाने झाकण उघडलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि अर्ध्यावर थांबला. "बाई, हे ते नाही."

"नाही. ते मी प्रकाशाला तापीत सोडलं. निर्माल्याबरोबर. पाण्यात जाताना मी पाहिलं होतं." एकोणचाळीस मुली. पंखा कुरकुरत होता. "त्याच दिवसापासून मला माहीत आहे."

कुणी रडलं नाही, कुणी पाया पडलं नाही. रविनाने डबा बंद केला. तिचे डोळे बापासारखे असावेत, सरळ पाहणारे. "ग्रेसीला सांगितलं?"

"नाही अजून."

"मग मला आधी कशाला देता?" रविना म्हणाली, आणि डबा देव्हाऱ्याच्या पायरीवर ठेवून आपल्या खोलीत गेली. नवलसिंगभाऊंना जमनाबाईने तिथल्या तिथे, मुलींसमोरच फोन लावला. भाऊ बराच वेळ "अहो बाई, अहो बाई" एवढंच म्हणत राहिले. मग म्हणाले, फोन करून कळवू की घरी, तुम्ही कशाला त्रास घेता. ती म्हणाली, नाही, मी सांगेन असं कबूल केलंय.

प्रॅक्टिकल सोमवारी होतं आणि उद्या शुक्रवार.

पहाटे तिने आंघोळ केली, बेल वाहिला, अध्याय वाचला. लाल डबा पायरीवर तसाच होता. तिने त्याला हात लावला नाही. तळोद्याच्या स्टँडवर धुकं होतं, डोंगरात जाणाऱ्या जीपवाल्यांनी टायर पेटवून शेकोटी केली होती. पावणेसातच्या गाडीत ती पुढून तिसऱ्या बाकावर बसली. मागच्या बाकावर गाठोडी घेऊन टोळीतली माणसं, पुढे कॉलेजची मुलं, एक नर्स. कंडक्टर मुलगी तिला चांगली ओळखत होती. एकादशीची प्रकाशाची वारी, सकाळची वेळ, बाईंचं मौन. म्हणून तिने नेहमीसारखाच हात पुढे केला, गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी घ्यायला. "द्या देवबाई."

जमनाबाईच्या हातात चिठ्ठी नव्हती. तिने ओठ उघडले.

"नवापूर," ती म्हणाली.

इंजिन धडधडत होतं, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. कंडक्टर मुलगी वाकली. तिला ऐकू आलं नव्हतं, की ऐकू आलं ते खरं वाटलं नव्हतं. दोन-तीन माणसं मागे वळून पाहायला लागली.

जमनाबाईने पुन्हा सांगितलं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

"नवापूर. एक द्या."